बेअरिंगची गाडी : मुलांसाठी नको, मुलांसोबत बनवा

परीक्षा आटोपून सुटी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुले घरात बसली की मोबाईल सोडत नाहीत आणि बाहेर गेली की भांडणे घेऊन परत येतात. आई-वडील दोघेही कामावर. मग दुपारभर मुलांनी करायचे तरी काय? सुटीतल्या शिबिरांची फी आपल्याला परवडत नाही. दुकानात मांडलेल्या बॅटरीच्या मोटारगाडीची किंमत विचारायचेही धाडस होत नाही. अशा वेळी आपल्याच वस्त्यांत एकेकाळी गल्लोगल्ली दिसणाऱ्या एका खेळण्याची वाचकांना आठवण करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. ते खेळणे म्हणजे बेअरिंगची गाडी.

लाकडाची एक फळी, तिच्याखाली दोन आडवी लाकडे, त्यांच्या टोकांना गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेअरिंग आणि वळवण्यासाठी एक दोरी. झाली गाडी! एकाने बसायचे, दुसऱ्याने पाठीला हात लावून ढकलायचे. सिमेंटच्या बोळात तिचा खडखडाट सुरू झाला की बायका दारातून डोकावायच्या आणि रात्रपाळी करून नुकतीच झोपलेली माणसे शिव्या घालायची. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ वाचकांच्या ढोपरावर या गाडीची खूण अजून असेल. पाण्याचे कॅन ओढून आणायलाही मुंबईच्या वस्त्यांत अशाच गाड्यांचा उपयोग होत आला आहे. म्हणजे ही नुसती पोरखेळाची वस्तू नव्हे, कष्टकऱ्यांच्या डोक्यातून निघालेले ते एक वाहन आहे.

साऱ्या जगाची गाडी

ही गाडी फक्त आपल्याकडेच होती असे नाही. दक्षिण अमेरिकेतील ब्राझीलमध्ये बेअरिंगला ‘रोलिमा’ म्हणतात आणि तिथली मुले रोलिमाच्या गाड्या बनवतात. कोलंबियात ‘बालिनेरा’च्या गाड्या डोंगरउतारावरून पळवतात. इंग्लंडमधील कामगारांच्या मुलांनी जुन्या बाबागाड्यांची चाके काढून फळीला लावली. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात अशा गाडीला ‘गोइतिबेहेरा’ हे नाव पडले. त्याचा अर्थच मुळी वरून खाली येणारी. जिथे कारखाने आणि गॅरेजे आली, त्यांच्यामागे टाकाऊ माल साठला आणि हातात पैसा नसलेली मुले होती, तिथे तिथे ही गाडी जन्माला आली.

अमेरिकेत तर तिची मोठी शर्यतच झाली. १९३३ साली, ऐन मंदीच्या काळात, ओहायो राज्यातील डेटन शहरात मायरन स्कॉट नावाच्या एका वृत्तपत्र छायाचित्रकाराला काही मुले खोक्यांपासून बनवलेल्या गाड्या उतारावरून पळवताना दिसली. त्यातून त्याला स्पर्धेची कल्पना सुचली. १९३४ साली डेटनलाच देशपातळीवरची पहिली शर्यत झाली आणि १९३५ पासून ती ॲक्रन शहरात होऊ लागली. ‘सोप बॉक्स डर्बी’ हे तिचे नाव. म्हणजे साबणाच्या खोक्यांच्या गाड्यांची शर्यत. मुलींना मात्र या शर्यतीचे दार १९७१ साली उघडले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७५ साली, कॅरेन स्टेड या अकरा वर्षांच्या मुलीने ती जिंकून दाखवली. गाडी म्हणजे मुलांचा खेळ आणि मुलींनी भातुकली, असे अजून ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याच शर्यतीतील आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. १९७३ साली पहिल्या आलेल्या मुलाच्या गाडीत विद्युतचुंबक लपवलेला सापडला आणि त्याचे बक्षीस काढून घेण्यात आले. ही युक्ती त्या मुलाची नव्हती, त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची होती. मुलांच्या खेळात मोठ्यांची हौस शिरली की काय होते, याचे हे उदाहरण. आमचे म्हणणे एवढेच की, गाडी मुलाने बनवायची आणि आपण त्याच्या शेजारी बसायचे.

आजींचा प्रश्न

गेल्या मे महिन्यात आमच्या वसाहतीतील आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी मुलामुलींना घेऊन अशी एक गाडी बनवायचे ठरवले. दुपारी सामान मांडले, मुले भोवती जमली, तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीची आजी तिथे आली.

“जयभीम भाऊ. एक विचारू का?” आजी म्हणाल्या, “आमचा जन्म लोकांचा कचरा उपसण्यात गेला. सुनेने चार घरची भांडी घासून या पोरीला शाळेत घातली. आणि आता तुम्ही शिकलेली माणसं तिच्या हातात भंगार अन् हातोडी देता?”

आजींचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आपल्या घरांत ‘भंगार’ हा नुसता शब्द नाही. पिढ्यान्पिढ्या माणसाची जात पाहून कामे लादली गेली आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिक्षणाची वाट धरली. त्यामुळे नातवंडांच्या हातात पेनाऐवजी काही दिसले की म्हाताऱ्या माणसांच्या काळजात धस्स होते. त्यात त्यांचे काय चुकले?

आम्ही आजींना म्हणालो, “आजी, तुमचं म्हणणं खरं आहे. पण तुमच्यावर जे काम लादलं, त्यात तुम्हाला कधी कोणी विचारलं का, की हे असं का करायचं, दुसऱ्या रीतीने करता येईल का? इथे पोरांना तेच विचारायचं आहे. माप आधी वहीत, मग लाकडावर.”

आजींचे समाधान झाले असे नाही. मात्र त्या निघून न जाता पायरीवर बसल्या. आम्हीही त्यांच्या बोलण्यावरून दोन नियम ठरवले. पहिला, कोणतेही मूल उकिरड्यावर किंवा भंगाराच्या दुकानात जाऊन वस्तू वेचणार नाही; मोठ्यांनी जाऊन पैसे देऊन आणायच्या, खिळे काढून, धुऊन मुलांपुढे ठेवायच्या. दुसरा, वहीत आकृती आणि माप लिहिल्याशिवाय करवत हातात मिळणार नाही. जे पालक हा उद्योग करतील त्यांनी हे दोन नियम जरूर पाळावेत.

साहित्य

आठ ते बारा वर्षांच्या एका मुलासाठी लागणारे सामान असे :

फळी : तीन फूट लांब, एक फूट रुंद, पाऊण इंच जाड. जुन्या कपाटातून निघालेला अठरा मिलिमीटरचा प्लाय चालतो.
आडवी लाकडे : दोन बाय दोन इंच जाडीची, दोन फूट लांबीची, दोन नग. जुन्या दाराच्या चौकटीतून चिरून घेतलेले सागवान उत्तम. गाठ किंवा चीर असलेला तुकडा घेऊ नये.
बेअरिंग : ६२०६ नंबरची, चार नग.
बोल्ट : मधल्या खिळीसाठी बारा मिलिमीटर जाडीचा, साडेचार इंच लांब, एक. ब्रेकसाठी दहा मिलिमीटर जाडीचा, चार इंच लांब, एक. प्रत्येकाला दोन नट आणि मोठे वायसर.
ब्रेकसाठी : एक बाय दोन इंचाची वीस इंच लांब पट्टी, दोन बाय दोन इंचाचा सहा इंच लांब ठोकळा, जुन्या टायरचा तुकडा.
किरकोळ : अडीच इंची स्क्रू, खिळे, नायलॉनची दोरी, पॉलिश पेपर.

हत्यारे म्हणजे करवत, पटाशी, कानस, हातोडी, गिरमिट किंवा ड्रिल, गुण्या आणि पाने. वस्तीत एखादा सुतार असतोच. त्याला एक दुपार बोलावले तर हत्यारेही येतात आणि शिकवणाराही मिळतो.

माल उतरवण्याच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या घेणार असाल तर त्यावरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ अशी इंग्रजी अक्षरे असली तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते मुलांच्या वस्तूसाठी वापरू नये. तेल किंवा औषध सांडल्याचे डाग असलेले लाकूडही नको.

बेअरिंगची ओळख

मोटारगाड्यांचे गॅरेज आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे कारागीर यांच्याकडे बदललेली जुनी बेअरिंग पडून असतात. त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरात एक हिशेब लपलेला असतो. तो मुलांना जरूर शिकवावा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६२०४ म्हणजे चार गुणिले पाच, वीस मिलिमीटर. ६२०५ म्हणजे पंचवीस. ६२०६ म्हणजे तीस. शेवटी ०४ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तिथेच हा नियम लागू होतो. ६२०३ चे भोक सतरा आणि ६२०२ चे पंधरा मिलिमीटर असते. घरच्या पंख्यातले बेअरिंग या कामाला फार लहान पडते. ६२०६ चा बाहेरचा व्यास बासष्ट मिलिमीटर आणि रुंदी सोळा मिलिमीटर असते. आपल्या गाडीला ते बरोबर बसते.

आणलेले बेअरिंग आतल्या कडीला धरून बाहेरची कडी फिरवून पाहावी. कर्रकर्र आवाज आला, हिसके बसले किंवा कडीला तडा दिसला तर ते टाकून द्यावे. चिकटलेले ग्रीस डिझेलमध्ये बुडवून काढता येते. पण हे काम मोठ्यांनी, घराबाहेर, चूल-शेगडीपासून लांब करावे आणि नंतर बेअरिंग साबणाच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून दोन थेंब मशीनचे तेल सोडावे. गॅरेजच्या हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरवण्याची हौस कोणी करू नये. फार वेगाने फिरताना ते फुटले तर आतल्या गोळ्या छऱ्यासारख्या उडतात.

बेअरिंगने गाडी हलकी का चालते, हे समजावायला पुस्तक पुरे आहे. एक जाड पुस्तक टेबलावर ठेवून बोटाने ढकलायला सांगावे. मग त्याखाली पाच-सहा गोल पेन्सिली आडव्या ठेवून पुन्हा ढकलायला सांगावे. घसटण्यापेक्षा गडगडण्यात घर्षण कमी, हे मूल स्वतःच सांगेल. बेअरिंगच्या दोन कड्यांमधल्या गोळ्या त्या पेन्सिलींचेच काम करतात.

बांधणी

आता लाकडाकडे वळू. आडव्या लाकडाची दोन्ही टोके साडेतीन सेंटिमीटरपर्यंत गोल तासून त्यावर बेअरिंग बसवायचे असते. गोलाई तीस मिलिमीटरची. ही आकृती वहीत काढायला आम्ही मुलांना बसवले, तेव्हा सगळ्यांनी गोल टोक लाकडाच्या बरोबर मध्यावर काढले. तसेच कोणालाही वाटते. पण आजींची ती सहावीतली नात वहीवर आकडे मांडत बसली होती. ती म्हणाली, “काका, बेअरिंग बासष्टचं, म्हणजे त्याचं अर्धं एकतीस. लाकूड पन्नासचं, त्याचं अर्धं पंचवीस. मग जमिनीपासून फक्त सहा मिलिमीटर उरतात. एवढासा खडा आला तरी लाकूड अडकेल.”

सुतारकाम करणारे आमचे शेजारी तिच्या वहीकडे बघतच राहिले. “हा हिशेब आमच्याकडे नवीन पोरगं दोन लाकडं वाया घालवल्यावर करतं,” ते म्हणाले. मग उपाय काय? तोही वहीवरच निघाला. गोल टोक मध्यावर न काढता लाकडाच्या खालच्या अंगाला काढायचे. तीस मिलिमीटरच्या टोकाचा मध्य मग लाकडाच्या तळापासून पंधरावर येतो. एकतीस वजा पंधरा, सोळा. सहाच्या जागी सोळा मिलिमीटर मोकळीक मिळाली. लाकूड तेच आणि बेअरिंगही तेच. फक्त खुणेची जागा बदलली.

टोक तासताना आधी चौकोनाचा अष्टकोन करावा, मग कानशीने गोल करावे. मधून मधून बेअरिंग लावून पाहावे. ते हाताने सहज सरकत असेल तर टोक जास्त तासले गेले असे समजावे. जेमतेम अडकले पाहिजे. मग आतल्या कडीवर पाइपाचा तुकडा ठेवून त्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. बाहेरच्या कडीवर ठोकले तर आतल्या गोळ्यांची वाट दबते आणि बेअरिंग कायमचे बिघडते. बेअरिंगचे पोलाद कडक असते, त्यावर थेट हातोडी मारली तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून ठोकण्याचे काम मोठ्यांनी, डोळ्यांवर चष्मा लावून करावे.

आणखी एक बारकावा. बेअरिंगची आतली कडी लाकडावर घट्ट राहते आणि बाहेरची जमिनीवर फिरते. त्यामुळे फिरणाऱ्या कडीला लाकूड घासता कामा नये. यासाठी बेअरिंगच्या पाठीमागच्या लाकडाची कड पटाशीने उतरती करावी, म्हणजे लाकूड फक्त आतल्या कडीला टेकेल. बेअरिंग निसटू नये म्हणून टोकाला आरपार भोक पाडून त्यात खिळा घालावा. खिळ्याची टोके दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरच बाहेर ठेवून बाकीची कापावीत आणि कानशीने बोथट करावीत.

फळी पुढच्या बाजूला दोन्हीकडून कापून सहा इंच रुंद करावी. त्यामुळे पुढच्या आडव्या लाकडावर दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा होते. फळीखाली मधोमध एक उभी पट्टी मारली की ती वाकत नाही. मागचे लाकूड फळीच्या मागच्या कडेपासून चार इंच आत, आधी बारीक भोके पाडून, चार स्क्रूंनी पक्के करावे. ते काटकोनात बसले की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पुढच्या बोल्टच्या खुणेपासून मागच्या लाकडाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरून मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली पाहिजेत. समद्विभुज त्रिकोण शाळेत पाठ करावा लागतो. इथे तो गाडीखाली सापडतो.

पुढचे लाकूड स्क्रूने मारायचे नाही. ते एका बारा मिलिमीटरच्या बोल्टवर फिरते राहिले पाहिजे. बोल्टची जागा मुलाच्या पायांच्या मापाने ठरवावी. मुलाला भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडे वाकवून बसवावे आणि भिंतीपासून तळपायापर्यंतचे अंतर मोजावे. फळी आणि लाकूड यांच्यामध्ये दोन मोठे वायसर आणि थोडे ग्रीस घालावे. खाली पहिला नट बेताचा आवळून दुसरा त्यावर घट्ट बसवावा, म्हणजे हादऱ्याने तो सुटत नाही. लाकडाच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली की लगाम तयार होतो. पण खरे वळवणे पायांनीच होते.

पुढचे लाकूड फार वळले तर गाडी जागीच उलटते. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांपासून मागच्या लाकडापर्यंत एकेक दोरी अशी बांधावी की टोक चार इंचांपेक्षा जास्त पुढे जाऊ शकणार नाही. ही दोरी दिसायला बिनमहत्त्वाची वाटते. पण ढोपरे वाचवते ती हीच.

ब्रेक हवाच

आमच्या लहानपणीच्या गाड्यांना ब्रेक म्हणजे पायातली चप्पल असे. तो प्रकार आता नको. फळीच्या उजव्या कडेला, मुलाच्या मांडीजवळ, सहा इंची ठोकळा वरून स्क्रूंनी बसवावा. त्यातून आडवा बोल्ट घालून बाहेरच्या अंगाला वीस इंची पट्टी अडकवावी. बोल्टच्या खाली पाच इंच आणि वर पंधरा इंच राहतील अशी. खालच्या टोकाला टायरचा तुकडा खिळ्यांनी मारावा. खिळ्यांची डोकी रबरात बुडालेली असावीत. एरवी पट्टीची मूठ पुढे कललेली राहते आणि रबर मागे, जमिनीपासून वर असते. मूठ मागे ओढली की रबर जमिनीवर दाबले जाते. सोडली की आपोआप सुटते.

ही झाली तरफ. पंधरा भागिले पाच, तीन. म्हणजे मुलाने एका किलोच्या वजनाएवढा जोर लावला तर रबरावर तीन किलोंएवढा जोर पडतो. मुलांना आधी बोल्ट मधोमध लावून आणि मग योग्य जागी लावून दोन्ही वेळा मूठ ओढायला द्यावी. फरक हाताला कळला की टेकू, भार आणि बल हे शब्द पुन्हा समजावून सांगावे लागत नाहीत.

वेगाचा हिशेब

लोखंडी कडीला रबर नसते, त्यामुळे ती जमिनीला घट्ट धरत नाही, घसरते. मातीत ती रुतते, खडीच्या रस्त्यावर हादरे देते. गुळगुळीत सिमेंटचे सपाट अंगण हीच तिची खरी जागा. एकाने बसावे, एकाने ढकलावे.

मुलांना उताराचा मोह होतो. त्यांना एक हिशेब सांगावा. घर्षण धरले नाही तर एक मीटर उंचीवरून घरंगळत आलेली गाडी खाली पोचेपर्यंत ताशी जवळजवळ सोळा किलोमीटरचा वेग घेते. पाव मीटर उंचीवरून आली तर वेग त्याच्या निम्मा, ताशी आठ किलोमीटर. म्हणजे उंची चौपट झाली की वेग दुप्पट. प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग काहीसा कमी राहतो, पण ताशी सोळा किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे काय, हे सायकलवरून पडलेल्या कोणालाही ठाऊक आहे. यासाठी उताराची एकूण उंची एका फुटाच्या आतच असावी आणि उतार संपल्यावर पुढे लांबलचक सपाट जागा असावी. रहदारीचा रस्ता, गाड्या लावण्याच्या जागेचा उतार, विहिरीची किंवा नाल्याची बाजू, या ठिकाणी गाडी अजिबात न्यायची नाही.

खेळण्यापूर्वी दर वेळी मुलांनीच तपासणी करावी. नट सैल झालेत का? खिळे जागेवर आहेत का? लाकडाला चीर गेली का? ब्रेकचे रबर झिजले का? गाडीवर एकानेच बसायचे. पायात चप्पल नको, बूट हवेत. डोक्याला मापाचे हेल्मेट असावे. मुलींनी ओढणी कमरेला घट्ट बांधावी, केस बांधावेत. फळीच्या खाली बोटे घालायची नाहीत. आणि दुपारी दोन ते चार गाडी बंद, कारण वस्तीत कोणीतरी रात्रपाळी करून झोपलेले असते. शेजाऱ्याच्या झोपेची जाण ठेवणे हाही या खेळाचाच एक नियम.

एक गाडी, दहा मुले

प्रत्येक घराने वेगळी गाडी बनवण्याची गरज नाही. आमच्या वसाहतीत एकाच गाडीवर दहा-बारा मुले खेळली. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पाळ्या लिहून ठेवल्या. जो एकदा बसला त्याने दोनदा ढकलायचे, असा नियम मुलांनीच केला. पहिल्या दिवशी मोठी मुले लहानांना आणि मुलींना नुसते ढकलायला लावत होती. त्यावर सहावीतल्या त्या मुलीने पाळीचे पान सगळ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून पाळी मोडली नाही.

आजी रोज पायरीवर येऊन बसत. नातीने केलेला सहा आणि सोळाचा हिशेब त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा सांगायला लावला. वाचता येत नसले तरी वही हातात घेऊन ते पान त्यांनी बराच वेळ न्याहाळले. मग नातीला म्हणाल्या, “ठीक आहे. पण वहीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे.” हा तिसरा नियम आम्ही आमच्या दोन नियमांना जोडला आहे.

पालकांनो, या गाडीसाठी लागणारे सामान बहुतेक वस्त्यांत पडून आहे आणि ते जोडण्याचे कसबही आपल्या माणसांच्या हातात आहे. सुतार, फिटर, गवंडी, गॅरेजमधले मेस्त्री आपल्यातच आहेत. त्यांना वर्षातून दोन दुपारी मुलांपुढे बसवा. आपल्या बापाच्या, काकाच्या हातात किती विद्या आहे, हे मुलांना कळू द्या आणि शाळेत शिकलेले गणित बापाच्या कामाला कसे उपयोगी पडते, हे बापालाही कळू द्या. येत्या सुटीत एका रविवारी सकाळी एक कोरी वही आणि मोजपट्टी घेऊन बसा. पहिले माप मात्र मुलालाच लिहू द्या.